मनगटावरच्या आकड्याला हप्ता बांधू नका

आरोग्यविमा कंपन्या पूर्वी वय, जुने आजार आणि तंबाखूचं व्यसन एवढं विचारून थांबत. आता तुम्ही रोज किती चालता, हेही त्या पाहू लागल्या आहेत. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०२० मध्ये तब्येत राखणाऱ्या ग्राहकाला बक्षीस देण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार व्यायामाबद्दल गुण देता येतात आणि साठलेले गुण पुढच्या हप्त्यातली सूट, वाढीव विमा रक्कम, जिम किंवा योगवर्गाची फी, डॉक्टरांची तपासणी अशा गोष्टींसाठी वापरता येतात. गुण मोजायचे कशावरून? बहुतेक वेळा मनगटावरच्या फिटनेस बँडवरून किंवा खिशातल्या फोनवरून. कचेऱ्यांतही हेच वारं आहे. एचआर विभाग महिन्याभराचं ‘स्टेप चॅलेंज’ काढतो, रोज सकाळी ग्रुपवर क्रमवारी पडते, आणि सातशे पावलं कमी पडलेला माणूस रात्री अकरा वाजता गॅलरीत येरझाऱ्या घालतो.

खेळ म्हणून हे ठीक आहे. पण हप्ता, पगार किंवा बढती त्या आकड्याला बांधली की त्यामागचा समज तपासून घ्यावा लागतो. समज असा: बँड बांधला की माणूस जास्त चालतो, जास्त चालला की वजन उतरतं, आणि वजन उतरलं की मधुमेह-रक्तदाब टळून सगळ्यांचा खर्च वाचतो. यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा फार थोडा खरा आहे. तिसरा भाग आपल्याकडच्या शरीरांना जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा पायावर पैशांचा व्यवहार उभा करणं चूक आहे, आणि तो थांबवण्याची वेळ आत्ताच आहे, कारण अजून तो सवलतीच्या रूपात आहे, दंडाच्या नाही.

पहिल्या भागाचं श्रेय आधी देऊन टाकू. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये अशा उपकरणांवरच्या ३९ आढाव्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे १ लाख ६४ हजार माणसांची माहिती होती. निष्कर्ष असा की बँड किंवा पावलं मोजणारं साधन वापरणारी माणसं दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात. त्याआधी २००७ मध्ये कमरेला लावायच्या साध्या पेडोमीटरवरच्या २६ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यातही वाढ दोन हजार पावलांच्या आगेमागे होती. त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे: ज्यांनी पावलांचं लक्ष्य ठरवलं होतं त्यांच्यात वाढ दिसली. नुसतं यंत्र लावून फिरण्याने फारसं काही होत नाही.

आता वजन. २०२२ च्या त्याच आढाव्यात वजनातली घट साधारण एक किलो भरली. एक किलो! हा आकडा कमी का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या माणसाचं एक पाऊल सुमारे ६५ सेंटिमीटरचं, म्हणजे १,८०० पावलांचं अंतर सव्वा किलोमीटरहूनही थोडं कमी. सपाट रस्त्यावर चालताना, बसून राहिलो असतो तर जळलीच असती ती ऊर्जा वजा केली, तर दर किलो वजनामागे दर किलोमीटरला अर्धी किलोकॅलरी खर्च होते. ७० किलोच्या माणसासाठी हे सगळं मिळून ४० किलोकॅलरी. फोडणीत जास्त पडलेलं एक छोटा चमचा तेल, पाच ग्रॅमचं, ४५ किलोकॅलरीचं असतं. शरीरातली एक किलो चरबी उतरायला ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. वर्षभर रोज ४० किलोकॅलरी जास्त जाळल्या तरी कागदावर दोन किलोही उतरत नाहीत. प्रत्यक्षात त्याहून कमीच उतरतं, कारण भूक थोडी वाढते आणि उरलेल्या दिवसात माणूस नकळत कमी हलतो.

या विषयावरचा सगळ्यात चर्चिला गेलेला प्रयोग पिट्सबर्ग विद्यापीठाचा आहे. तो २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. १८ ते ३५ वयाची, वजन जास्त असलेली ४७१ माणसं घेतली. पहिले सहा महिने सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, व्यायाम आणि गटात बसून समुपदेशन दिलं. मग दोन गट केले. एका गटाने आपला आहार-व्यायाम संकेतस्थळावर स्वतः नोंदवायचा, दुसऱ्या गटाला दंडावर बांधायचं उपकरण दिलं. फोनवरचं समुपदेशन आणि संदेश दोघांनाही चालू राहिले. चोवीस महिन्यांनी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालं होतं आणि हाताने नोंदी करणाऱ्यांचं ५.९ किलोने. उपकरण बांधलेले मागे पडले.

असं का झालं, याचं ठाम उत्तर त्या प्रयोगातून निघत नाही, आणि त्या एका प्रयोगावरून ‘बँडने वजन वाढतं’ असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण एक रस्ता उघड दिसतो. बँड पावलं मोजतो तेव्हा तो मोजत असतो. कॅलरी दाखवतो तेव्हा अंदाज करत असतो. आतला त्रिअक्षी ॲक्सेलरोमीटर मनगटाचे झटके सेकंदाला अनेकदा टिपतो, हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताच्या लाटांवरून नाडी मोजतो. वय, उंची, वजन आणि लिंग तुम्हीच भरलेलं असतं, आणि कॅलरीचा आकडा या सगळ्यावरून एका सूत्राने काढला जातो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हाची मॉडेल्स आता जुनी झाली, पण मनगटावरून कॅलरी थेट मोजता येत नाहीत ही अडचण तीच आहे.

त्यात आणखी एक घोळ. ताशी पाच किलोमीटरने तासभर चाललेल्या ७० किलोच्या माणसाला घड्याळ साधारण २४५ किलोकॅलरी दाखवतं. त्यातल्या ७० त्याने खुर्चीत बसूनही जाळल्या असत्या. चालण्याची खरी कमाई १७५. बरीच ॲप्स हा मोठा आकडा घेऊन त्या दिवसाच्या आहाराच्या मर्यादेत परत जमा करतात: ‘तुम्ही आणखी २४५ कॅलरी खाऊ शकता.’ नाक्यावरचा एक वडापाव वड्याच्या आकारानुसार तीनशेच्या आसपास जातो. तो फेडायला पावणेदोन तास चालावं लागेल. घड्याळाने दिलेल्या परवानगीवर विसंबलेला माणूस रोज थोडा थोडा कर्जात जातो आणि तीन महिन्यांनी काटा वर सरकलेला पाहून चालणंच सोडतो. नुकसान इथे आहे. चालण्याचे फायदे वजनाशिवायही मिळत होते, तेही गेले.

तिसऱ्या भागाची तपासणी पुण्यातच झाली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी जास्त, स्नायू कमी, अशी ही आपल्याकडची ठेवण. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह ११.४ टक्के प्रौढांमध्ये आढळला, तर पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्क्यांमध्ये. काट्यावरचं वजन हे सगळं सांगत नाही आणि घड्याळ तर याच्या जवळपासही जात नाही. शिंप्याची टेप दहा-वीस रुपयांना मिळते.

याहून महत्त्वाचा पुरावा चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्यात बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं होतं. २०१३ मध्ये त्याच गटाने ५३७ नोकरदार पुरुषांवर आणखी साधा प्रयोग केला. अर्ध्यांना आठवड्यातून दोन ते चार वेळा मोबाइलवर एसएमएस पाठवला: आहार, व्यायाम, आठवण. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. ना बँड, ना ब्लूटूथ, ना महिन्याचं शुल्क. सार्वजनिक पैसा कुठे जावा याचा विचार करणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

मग बक्षीस देऊन माणसं चालत नाहीत का? चालतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात २८१ कर्मचाऱ्यांना दिवसाला ७,००० पावलांचं लक्ष्य होतं. ज्यांच्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला ४२ डॉलर टाकले आणि लक्ष्य चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर कापले, त्यांनी ४५ टक्के दिवस लक्ष्य गाठलं. ज्यांना काहीच नव्हतं त्यांनी ३० टक्के. हातातलं जाण्याची धास्ती पावलं उचलायला लावते, हे विमा व्यवसायाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण सिंगापूरचा मोठा प्रयोग पुढचं सांगतो. १३ संस्थांमधले ८०० कर्मचारी, चार गट: एकाला काही नाही, एकाला नुसता बँड, एकाला बँड आणि धर्मादाय देणगी, एकाला बँड आणि रोख पैसे. सहा महिने रोख पैसेवाले सगळ्यांच्या पुढे होते. पैसे थांबले आणि वर्षाअखेरीस त्यांची वाढ ओसरली. वजन किंवा रक्तदाब यांत कुठल्याच गटात सुधारणा दिसली नाही. सहा महिन्यांतच सुमारे ४० टक्के लोकांनी बँड काढून ठेवला होता, वर्षाने तो वापरणारे दहा टक्केच उरले होते. सिंगापूर सरकारने २०१५ पासून राष्ट्रीय पावलांची स्पर्धा भरवली आणि मोफत बँड वाटले. पण ज्या शहरात सलग पदपथ, सावली आणि दिवे आहेत तिथे ही जोड शोभते. आपण तिथून बँड उचलतो आणि पदपथ तिथेच ठेवतो.

दहा हजारांचा आकडाही असाच उचललेला आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. संशोधन नंतर झालं. सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात, दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० नंतर रेघ सपाट झाली. २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणात साठीपुढच्यांसाठी ही रेघ सहा ते आठ हजारांवर आणि तरुणांसाठी आठ ते दहा हजारांवर सपाट होते. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जे आधीच धडधाकट ते जास्त चालतात, हा दोष त्यांतून पूर्ण जात नाही. तरी पहिल्या दोन हजार पावलांचा फायदा शेवटच्या दोन हजारांपेक्षा मोठा, हे पुन्हा पुन्हा दिसतं. विम्याच्या गुणांची रचना नेमकी उलटी असते. काही योजनांत पावलांवरून दिवस ‘सक्रिय’ धरायचा तर दहा हजार पूर्ण व्हावी लागतात. अडीच हजारांवरून साडेपाच हजारांवर आलेल्या साठीच्या बाईंनी स्वतःच्या तब्येतीसाठी सगळ्यात मोठं काम केलेलं असतं आणि त्यांना शून्य गुण मिळतात. आधीपासून पळणाऱ्या तिशीतल्या तरुणाला सगळे मिळतात, ज्याचा विमा कंपनीला तसाही खर्च नव्हता.

आणि मोजणी तरी सगळ्यांची सारखी होते का? मनगटावरचं यंत्र हात हलला तर पाऊल धरतं. काठी घेऊन चालणारे आजोबा, जिन्याचा कठडा धरून उतरणारी बाई, हातगाडी किंवा बाबागाडी ढकलणारा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली व्यक्ती, यांची पावलं गळतात. ताशी तीन किलोमीटरपेक्षा हळू चाललं तरी गळतात. उलट पोळ्या लाटताना, भजनात टाळ वाजवताना आणि खड्ड्यांतून दुचाकी चालवताना न चाललेली पावलं जमा होतात. फोन खिशात असेल तर मोजणी बरी होते, पण साडीला खिसा नसतो. फोन ओट्यावर राहतो आणि घरभर केलेली वर्दळ कुठेच नोंदली जात नाही. कष्टाचं काम तर या यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. भाताची लावणी, खुरपणी, ऊसतोड, डोक्यावर पाण्याचा हंडा, धुणीभांडी: घाम निघतो, पावलं थोडीच पडतात. सूर्यनमस्कार, वजनं उचलणं, सायकल यांचंही तेच. स्नायू राखण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ठेवणीच्या माणसाला तर तो चालण्याइतकाच लागतो, पण पावलांच्या शर्यतीत त्याला जागा नाही. शर्यतीत पैसे आले की उरलेली कसर लबाडी भरून काढते. पाळण्याला बांधलेला बँड रात्रभर इमानाने चालतो.

स्वतःच्या मर्जीने बँड वापरणाऱ्याला मात्र त्यातून पुष्कळ मिळू शकतं, अट एवढीच की त्याच्याकडून वजनाची अपेक्षा ठेवू नये. पहिला आठवडा काहीही न बदलता नेहमीसारखं राहायचं. सात दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि चौथा घ्यायचा. सरासरी काढू नये, कारण रविवारी सिंहगड चढला असेल तर ती फुगते आणि उरलेले सहा दिवस खोटे ठरतात. स्टॅनफर्डने २०१७ मध्ये १११ देशांतल्या फोनच्या नोंदी तपासल्या तेव्हा भारताची सरासरी ४,२९७ पावलं आली होती, हाँगकाँगची ६,८८०. तुमचा मधला आकडा चार हजारांच्या आसपास निघाला तर दचकू नका. त्यात हजार मिळवा आणि दोन आठवडे तिथेच राहा. आठवड्यातले पाच दिवस जमलं तर आणखी हजार. चार हजारांवरून एकदम दहा हजारांवर उडी मारणाऱ्यांची तिसऱ्या आठवड्यात टाच धरते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टोचतात, दिवसभरात दुखणं कमी होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तळपायाच्या स्नायुबंधाला आलेली ही सूज बरी व्हायला महिने लागतात आणि तेवढ्यात बँडची बॅटरी कायमची उतरलेली असते.

संख्येइतकाच वेग पाहा. मिनिटाला शंभर पावलं, म्हणजे पंधरा सेकंदांत पंचवीस, ही मध्यम व्यायामाची खूण. दिवसातली तीन हजार पावलं या वेगाने झाली तर अर्धा तास भरतो आणि आठवड्यातून पाच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटं होतात. घड्याळाच्या नाडीच्या पट्ट्यांवर फार विसंबू नये. त्या बहुधा ‘२२० वजा वय’ या ढोबळ सूत्रावर बेतलेल्या असतात आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्याला तर लागूच पडत नाहीत, कारण गोळीच नाडी वर जाऊ देत नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, ही कसोटी फुकट आहे आणि गोळ्यांनी बिघडत नाही. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, ज्या हाताने जेवत नाही त्या हातावर बांधावा. सैल असला की प्रकाश आत शिरतो आणि नाडी चुकते, गडद गोंदण असलं तरी चुकते. व्यायामानंतर पट्टा धुऊन कोरडा करावा, नाहीतर साबण आणि घाम अडकून पुरळ येतं. काठी वापरणाऱ्यांनी कमरेला अडकवायचं साधं पेडोमीटर घ्यावं. आणि आहाराच्या ॲपमधली व्यायामाच्या कॅलरी परत देणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

मधुमेह असणाऱ्यांसाठी बँडचा सगळ्यात चांगला उपयोग वेळेची आठवण करून देणं हा आहे. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली ४१ मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात, दिवसातून एकदा कधीतरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आजीची शतपावली हजार-अकराशे पावलांपर्यंत वाढवली की झालं. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून हे सुरू करावं. जाता जाता, सुई न टोचता साखर दाखवणारं म्हणून विकलं जाणारं घड्याळ घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध उघड इशारा दिला आहे, आणि चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं.

हे सगळं मर्जीचं झालं. सक्तीची वाट कुठे जाते याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शिक्षकांना आरोग्यविम्यासाठी एका ॲपवर व्यायामाची माहिती देऊन गुण मिळवायला सांगितलं गेलं. न देणाऱ्याला महिन्याला २५ डॉलरचा भुर्दंड. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथले शिक्षक संपावर गेले, तेव्हा कमी पगार आणि महागलेला विमा यांच्या जोडीला हे ॲपही रागाचं एक कारण होतं. ती योजना सरकारला गुंडाळावी लागली. आपल्याकडे नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली, ती व्यायामासाठी नव्हे, हजेरी आणि ठिकाण पाहण्यासाठी. पण उपकरणाची जात एकच. दिवसभर रस्ते झाडणाऱ्या बाईंची पावलं त्यांच्या विरुद्ध मोजायची आणि एसी कचेरीत बसणाऱ्याची त्याला सूट द्यायला, हे एकाच राज्यात एकाच वेळी घडू शकतं.

कायद्याचा आधार फार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी शारीरिक स्थिती आणि वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत धरल्या होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. तुमची नाडी आणि तुमचा पत्ता एकाच रांगेत. वर कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. रात्रीची झोप, नाडीची लय, पाळीची चक्रं, कुठल्या गल्लीत किती वेळ थांबलात, एवढं सगळं त्याच पट्ट्यातून जातं. २०१८ च्या जानेवारीत एका व्यायाम ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखू आले होते. सैन्याला जे लपवता आलं नाही, ते कर्मचाऱ्याला एचआरपासून लपवता येईल असं मानायचं कारण नाही.

म्हणून नियामकाने तीन गोष्टी आत्ताच लिहून ठेवाव्यात. घड्याळाच्या आकड्यावरून हप्ता वाढवता येणार नाही आणि दावा नाकारताना तो आकडा पुरावा म्हणून चालणार नाही. गुण द्यायचेच तर ठराविक पावलांवर न देता ज्याच्या-त्याच्या आधीच्या आकड्यावरच्या वाढीवर द्यावेत, आणि ज्याला बँड नको त्याला वार्षिक तपासणी, कमरेचा घेर किंवा समुपदेशनाच्या बैठकी यांवरून तेच गुण मिळण्याची सोय असावी. कच्ची माहिती बँडच्या कंपनीकडेच राहावी, विमा कंपनीकडे फक्त ‘गुण मिळाले’ किंवा ‘नाही’ एवढंच जावं. मालकांसाठी याहून सोपा नियम पुरे: वैयक्तिक क्रमवारी लावायची नाही आणि सहभागाचा संबंध मूल्यमापनाशी जोडायचा नाही.

आणि उरलेला पैसा रस्त्यावर जावा, कारण चालणं शेवटी तिथे होतं. फोनच्या नोंदींच्या त्याच अभ्यासात असं दिसलं होतं की अमेरिकेतल्या ज्या शहरांत चालणं सोयीचं आहे तिथे स्त्री-पुरुषांच्या चालण्यातली दरी लहान आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणारी होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळ्याविना पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि रस्त्यापासूनची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर हवी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांसाठी बंद ठेवला जातो, पण उरलेल्या ३६४ दिवसांत त्याच शहरातल्या पदपथांवर दुचाकी, विजेचे डीपी बॉक्स आणि खोदकामाचे ढिगारे असतात. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात २००६ पासून आहे. ज्या सोसायटीत बँडची स्पर्धा भरते, तिने यंदा टेप घेऊन फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा पदपथ मोजावा, कुठे १.८ मीटर उरतो आणि कुठे डीपी आडवा येतो ते लिहावं आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयात द्यावा.